सोशल मीडिया सोडून माणसांकडे वळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेसबुक-इन्स्टाग्राम बंद करून घरच्यांसाठी, मित्रांसाठी वेळ काढावा असं वाटणारे खूप जण भेटतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. माझं सांगणं मुळात एकच आहे: ॲप काढण्याआधी माणसं ठरवा. पुढची बरीच उत्तरं त्यातूनच आली आहेत.

सोशल मीडिया सोडायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं? फोनच बंद करायचा का?

फोन हवाच. पण त्यावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एकीत तुम्ही एका ठरावीक माणसाशी बोलत असता: फोन लावता, निरोप पाठवता, व्हिडिओ कॉलवर नातवाचा नवा दात बघता. दुसरीत तुम्ही कुणाशीच बोलत नसता, समोर येईल ते बघत बसलेले असता. फेसबुकची फीड, इन्स्टाग्रामचे रील्स, यूट्यूबचे शॉर्ट्स, व्हॉट्सॲपवरची स्टेटसं ही सगळी दुसऱ्या प्रकारातली. सोडायचं ते हे. पहिला प्रकार उलट वाढवायचा आहे.

सोडल्यावर नाती खरंच सुधारतात का?

आपोआप नाही. अमेरिकेत २०१८च्या मध्यावधी निवडणुकांच्या आधी स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग केला. त्यात काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. त्यांचा दिवसाकाठी सरासरी एक तास मोकळा झाला. घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर घालवलेला वेळ वाढला, मनाला थोडं बरं वाटू लागलं, आणि प्रयोग संपल्यावरही त्यातले बरेच जण फेसबुक पूर्वीपेक्षा कमी वापरू लागले. पण त्याच लोकांचं एकट्याने टीव्ही बघणंही वाढलं होतं.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोकळा झालेला तास तसाच सोडला, तर तो टीव्हीसमोर जातो, नाहीतर दुसऱ्या एखाद्या ॲपवर. तो कुणाला द्यायचा हे आधी ठरलेलं असेल, तरच तो त्या माणसापर्यंत पोचतो. ‘महिनाभर सोडून बघितलं, काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: त्या महिन्यात कुणाकडे गेलात?

मग सुरुवात कुठून करायची?

कागद घ्या आणि नावं लिहा. मोबाइलवर नको, कागदावरच. उद्या अचानक दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर कुणाला बोलवाल? कुणाचा आवाज ऐकून बरेच दिवस झाले आणि ते मनाला लागतंय? कुणी तुमच्या अडचणीत धावून आलं होतं आणि नंतर बोलणंच राहून गेलं? दहा-बारा नावं निघतील. त्यातली पाच निवडा. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीप्रमाणे माणूस साधारण दीडशे जणांशी ओळख टिकवू शकतो, पण अगदी जवळची माणसं जेमतेम पाचच असतात. फेसबुकवरच्या हजारभर मित्रांचं दडपण घ्यायचं कारण नाही.

मग प्रत्येक नावासमोर एक वार आणि एक वेळ लिहा. आईला दर बुधवारी रात्री जेवणानंतर फोन. शाळेतल्या मैत्रिणीला महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेट. ‘वेळ मिळाला की करेन’ असं म्हटलेलं कधीच होत नाही, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे.

आणि धीर धरा. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला किती वेळ लागतो याचा अभ्यास मांडला. नुसती ओळख असलेल्या माणसाशी साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९०च्या आसपास आणि जिवलग म्हणावं असं नातं व्हायला २००हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. हे नव्या मैत्रीचं झालं. जुन्या नात्याला इतकं लागत नाही, पण दोन फोनमध्ये काही बदललं नाही म्हणून निराश होऊ नका.

फोन केला तर बोलायचं काय? विषयच सुचत नाही.

आपल्याकडे अवेळी फोन आला की समोरचा आधी घाबरतो. ‘काय गं, सगळं ठीक ना?’ इतकी फोनची सवय मोडली आहे. म्हणून पहिलंच वाक्य असू द्या: ‘काही नाही, सहज केला.’

विषय सुचत नाहीत याचं एक कारण असं, की ‘कसे आहात’ या प्रश्नाला ‘मजेत’ यापलीकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा बारीकसं काही विचारा. गुडघा आता जिना चढताना दुखतो का? पाणी अजून पहाटेच येतं का? शेजारचं ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं का? मागच्या वेळी जे बोलणं झालं, त्यातलं एखादं लक्षात ठेवून तिथूनच पुढे विचारलं, की समोरच्याला कळतं, आपलं बोलणं कुणीतरी मनावर घेतलं होतं.

याहून चांगला उपाय म्हणजे मदत मागणं. मावशीला लोणच्यात मोहरी किती घालायची ते विचारा. सासऱ्यांना जुन्या सात-बाराबद्दल विचारा. मोठ्यांना आपण काही देतो तेव्हा बरं वाटतं, पण आपल्याला त्यांचा उपयोग होतो हे कळलं की त्याहून जास्त बरं वाटतं. शिवाय समोरासमोर बसून गप्पा मारणं सगळ्यांना जमतही नाही. विशेषतः वडील आणि मुलगा यांच्यात. त्यांनी एकत्र काम काढावं. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. वडिलांबरोबर बँकेत जा, रांगेत उभे राहा, येताना चहा घ्या. उन्हाळ्यात कुरडया-पापड घालायला आईकडे दोन दिवस जा. दिवाळीच्या चकल्या एका घरात न करता तिघी बहिणी मिळून करा. हाताला काम असलं की तोंडाने आपोआप बोललं जातं.

खातं नुसतं बंद ठेवावं की कायमचं काढून टाकावं?

फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींवर हे दोन पर्याय वेगवेगळे आहेत. तात्पुरतं बंद केलं तर खातं लोकांना दिसत नाही, पण सगळं जपून ठेवलेलं असतं आणि पुन्हा लॉगइन करताच परत मिळतं. कायमचं काढायची विनंती केली तर ३० दिवसांची मुदत असते. त्या काळात लॉगइन करून विनंती रद्द करता येते. फेसबुक तात्पुरतं बंद केलं तरी मेसेंजर चालू राहू शकतं, ते वेगळं तपासा.

कायमचं काढण्याआधी दोन कामं करा. एक, आपली माहिती उतरवून घ्यायची सोय दोन्हीकडे आहे, ती वापरून फोटो घ्या. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो पुष्कळांच्या बाबतीत फक्त तिथेच उरलेले असतात. दोन, फेसबुकवरून लॉगइन करून तुम्ही दुसरी कुठली ॲप वापरता का ते बघून तिथे आधी ईमेल किंवा मोबाइल नंबर जोडा.

माझं मत विचाराल, तर आधी तात्पुरतं बंद करा. चार-पाच आठवड्यांनी मन ठाम असेल तर काढून टाका.

व्हॉट्सॲपचं काय करायचं? शाळा, सोसायटी, ऑफिस, सगळं तिथेच आहे.

मराठी घरांमध्ये खरा गुंता इथेच आहे. इन्स्टाग्राम सोडता येतं, पण मुलांच्या शाळेची सूचना, सोसायटीतल्या टाकीच्या सफाईची वेळ, गावच्या जत्रेची वर्गणी, लग्नाचं आमंत्रण हे सगळं व्हॉट्सॲपवर येतं. ते खातं काढून टाकू नका. तसं केलं तर सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडाल आणि जुने निरोपही पुसले जातील.

त्याऐवजी ग्रुपांचे तीन ढीग करा. ज्यात कामाच्या सूचना येतात ते ग्रुप ठेवा, पण नेहमीसाठी म्यूट करून संग्रहात (आर्काइव्हमध्ये) टाका आणि दिवसातून दोन ठरलेल्या वेळी बघा. ज्यांचा आता काहीच संबंध नाही, जुन्या सहलीचा, झालेल्या निवडणुकीचा, कुणाच्या तरी निरोपसमारंभाचा, ते सोडून द्या. २०२२ पासून ग्रुप सोडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं, सगळ्यांना नाही. स्टेटस बघणं पूर्ण थांबवा. एखाद्याने हिमाचलात काढलेला फोटो बघितला, की आपल्याला वाटतं त्याची खबर मिळाली. मग आपण फोन करत नाही. त्या सहलीत त्याच्या बायकोशी त्याचं भांडण झालं होतं किंवा आईच्या दुखण्यामुळे तो मध्येच परतला होता, हे स्टेटसवर येत नसतं.

तिसरा ढीग कुटुंबाच्या ग्रुपांचा. तिथे सकाळी फुलांची चित्रं येतात, दुपारी फॉरवर्ड केलेले औषधांचे सल्ले, संध्याकाळी राजकारण, आणि मधेच एखादी खरी बातमी. वाढदिवसाला ग्रुपवर चाळीस शुभेच्छा येतात आणि फोन एकही वाजत नाही, हे कित्येक आई-वडिलांच्या वाट्याला आलं आहे. अशा ग्रुपमध्ये राहायला हरकत नाही, पण शुभेच्छा तिथे द्यायच्या नाहीत असा नियम स्वतःला घालून घ्या. वाढदिवस असेल त्याला फोन करायचा. राजकारणावरून वाद झाला असेल तर तिथे उत्तर द्यायचं नाही, भेटल्यावर बोलायचं. समोर बसलेल्या काकांशी आपण ज्या आवाजात बोलतो, तो आवाज टाइप करताना राहत नाही.

ग्रुपवर उत्तर दिलं नाही तर नातेवाईक रागावतात.

रागावतील, कारण गप्प होणाऱ्याबद्दल ‘शिष्ट झाली’ असंच वाटतं. म्हणून गुपचूप गायब होऊ नका. आधी सांगा, तेही कारणांचं प्रवचन न देता: ‘मी आता ग्रुप रोज बघणार नाही. काही असेल तर कधीही फोन करा, मी उचलेन.’ एवढं पुरे. इतरांच्या मोबाइलच्या सवयीवर एक शब्दही बोलू नका.

घरात दोन-तीन मोठी माणसं अशी असतात, ज्यांना हे निरोपातून कळलेलं आवडणार नाही. त्यांना स्वतंत्र फोन करा. ‘आत्या, तुम्ही पाठवता ते माझ्याकडून बघणं होणार नाही, पण रविवारी मी तुम्हाला फोन करत जाईन.’ आणि मग तो रविवारचा फोन चुकवू नका. दोन महिने नेमाने फोन आला की ग्रुपवरच्या गैरहजेरीची आठवणही कुणी काढत नाही.

वाढदिवस, मयताची बातमी, हे सगळं कळणार कसं?

वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस कालनिर्णयवर लिहा. जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की एकदा बसून जुन्यावरून सगळं उतरवायचं. कित्येक घरांत आजी हेच करायची आणि तिचं कुणाचं काही चुकत नसे.

मयताची बातमी मात्र खरंच चुकू शकते आणि तो सल आयुष्यभर राहतो. यासाठी माहेरच्या बाजूला एक आणि सासरच्या बाजूला एक अशी दोन माणसं ठरवा आणि त्यांना स्पष्ट सांगा, ‘कुणाचं काही झालं तर मला फोन कर, किती वाजता असेना.’ प्रत्येक कुटुंबात सगळ्यांची खबर ठेवणारी अशी एक वहिनी किंवा एक मामा असतोच.

मुलं परदेशात आहेत. आमचं नातंच स्क्रीनवर आहे. आम्ही काय करायचं?

तुमचा व्हिडिओ कॉल हे प्रत्यक्ष नातंच आहे, त्यात काहीही कमी करू नका. फक्त वेळ बांधून घ्या. भारतात रविवारी संध्याकाळी साडेसात वाजतात, तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ झालेले असतात. कॅलिफोर्नियात मुलं असतील तर आपली रविवारची सकाळ, साडेआठची वेळ चांगली. तिथे शनिवारची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात आठ, हिवाळ्यात सात. फोन हातात धरून ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ करण्यापेक्षा ओट्यावर टेकवून ठेवा आणि आपापली कामं करत बोला. तिथे लेक भाजी चिरतेय, इथे आई कणीक मळतेय, असा अर्धा तास चालू द्या.

मुलांचे फोटो इन्स्टाग्रामवर बघून आजी-आजोबांनी समाधान मानायचं, हे मात्र मला पटत नाही. तेच फोटो मुलांनी थेट त्यांना पाठवावेत, आणि शक्य असेल तर वर्षातून एकदा छापून.

माझा घरगुती व्यवसाय स्टेटस आणि इन्स्टाग्रामवर चालतो.

मग बंद करू नका. धंद्यासाठी वेगळा नंबर घेऊन व्हॉट्सॲप बिझनेस वापरा, पोस्ट टाकायची वेळ ठरवा आणि बाकी वेळ ते ॲप उघडू नका. घरातलं दुसरं कुणी हे काम बघू शकत असेल तर उत्तम.

नवरा किंवा बायको फोन सोडायला तयार नाही.

तुम्ही सोडलंत म्हणून त्यांनी सोडलंच पाहिजे असं नाही. ‘बघ, मी कसं सोडलं’ हे वाक्य घरात उच्चारू नका. त्याने तुमचा संकल्पच त्यांच्या डोक्यात जातो. एकच छोटी गोष्ट मागा. जेवताना दोघांचे फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून ताटाशेजारी ठेवलेला चालणार नाही, कारण तो वाजला की हात जातोच. हे महिनाभर टिकलं तर दुसरी गोष्ट मागा: झोपण्याच्या खोलीत चार्जर नको. गजरासाठी साधं घड्याळ आणा, म्हणजे ‘गजर लावायला लागतो’ हे कारण उरत नाही.

आणि एक विचारून बघा: तो किंवा ती फोनमध्ये नेमकं काय शोधते आहे? दिवसभराच्या कामानंतरची शांतता, की घरात टाळायचं असलेलं एखादं बोलणं? दुसरं असेल, तर फोनवरून भांडण्यात अर्थ नाही. ते बोलणंच करावं लागेल.

मुलांना कसं थांबवायचं?

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई करणारा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. कायदे होतील तेव्हा होतील, पण आपल्याजवळ याहून चांगलं उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हातात मोबाइल आले आणि शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात. २०२२च्या १५ ऑगस्टपासून गावाने ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक घरोघर फिरले.

यातलं उचलण्यासारखं काय? एकतर बंदी दिवसभर नाही, दीड तासाची आहे. आणि ती मुलांपुरती नाही. बाप बैठकीत रील्स बघतोय आणि आतल्या खोलीत मुलाने पुस्तक उघडायचं, हे कुठल्याच घरात चालणार नाही. शिवाय एकट्या मुलाला बाहेर काढलं तर त्याचे मित्र ऑनलाइन आणि तो एकटा, असं होतं. गावाला भोंगा लावता येतो. सोसायटीत चार घरांनी मिळून एकच वेळ ठरवता येईल आणि त्या वेळात मुलं खाली खेळायला येतील.

पहिले काही दिवस फार अस्वस्थ वाटतं. हे साहजिक आहे का?

साहजिक आहे. फीडला तळ नसावा अशीच तिची रचना आहे, आणि पुढचं काय येईल हे माहीत नसण्यातच तिची ओढ असते. त्यामुळे बसच्या रांगेत, लिफ्टमध्ये हात आपोआप खिशाकडे जाईल. ॲप फोनमधून काढलंच असेल तर दोन-तीन आठवड्यांत ही तडफड बरीच कमी होते. फोनचा पडदा काळा-पांढरा करून ठेवण्याचाही काहींना उपयोग होतो.

पण झोप उडाली असेल, मन सतत खिन्न असेल, तर प्रश्न फोनपुरता नसू शकतो. सरकारची टेली मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास उपचार केंद्रही आहे.

माझी प्रत्यक्षातली माणसंच नाहीत. सोडलं तर कुणाकडे जाऊ?

मग घाईने सोडू नका. काहींसाठी ऑनलाइन मिळालेली माणसंच खरी सोबत असते: घराबाहेर पडता न येणारे, दुर्मीळ आजाराच्या मुलाला सांभाळणारे पालक, आपली लैंगिक ओळख घरी सांगू न शकलेले तरुण. त्यांना ‘हे सगळं खोटं आहे’ म्हणणं क्रूर आहे. फीड सोडा, ती माणसं सोडू नका, आणि जमेल तेव्हा त्यातल्या एखाद्याला भेटा.

नव्या शहरात असाल तर एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा दर आठवड्याला तीच माणसं भेटतील अशी जागा शोधा. सार्वजनिक वाचनालय, भजनी मंडळ, सकाळचा योगवर्ग, हास्यक्लब, गड चढणाऱ्यांचा गट, गणेशोत्सवाचं मंडळ. सुरुवातीला कुणी विशेष विचारणार नाही. वर सांगितलेले पन्नास तास इथेच भरायचे असतात.

ज्याच्याशी बोलणंच तुटलंय, त्याच्याशी पुन्हा कसं बोलायचं?

फेसबुकवर त्याचं सगळं दिसत होतं म्हणून इतकी वर्षं नातं तुटल्याचं जाणवलं नसेल. खातं बंद केल्यावर ते जाणवतं.

लांबलचक मेसेज लिहू नका. जुन्या भांडणातलं कोण चूक, कोण बरोबर हे पहिल्या बोलण्यात काढू नका. थेट फोन करा. उचलला नाही तर लगेच पुन्हा लावू नका. काही दिवसांनी लावा. निमित्त हवं असेल तर आपले सण त्यासाठीच आहेत. संक्रांतीला तिळगूळ घेऊन दारात गेलेल्याला परत पाठवणारी माणसं फार थोडी असतात, आणि गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. पहिल्यांदा दहा मिनिटंच बसा. पाणी घ्या, तब्येतीची, मुलांची चौकशी करा आणि निघताना पुढच्या भेटीचा वार सांगून निघा. घरात वडीलधारं कुणी दोघांनाही मानणारं असेल, तर जाण्याआधी त्यांच्या कानावर घाला. पुष्कळदा अर्धी वाट तेच सोपी करून ठेवतात. आणि ज्या नात्यात मारहाण, छळ किंवा फसवणूक झाली होती, तिथे हे काहीही करायला तुम्ही बांधील नाही. ते नाव तुमच्या कागदावर नसलं तरी चालेल.